सुरू झालं की सुरू केलं

कर्जतमध्ये सरांच्या क्लासचा पत्ता विचारला की लोक एवढंच सांगायचे, "ज्या घराची एकच भिंत निळी आहे ना, ते." घर रंगवायला काढलं होतं ते माझ्या जन्माच्या आसपास. रस्त्याकडची भिंत झाली, रंगारी चार दिवस गावी जातो म्हणून गेला तो आलाच नाही, आणि सरांनाही त्याची आठवण झाली नाही. चांगली सुरुवात म्हणजे अर्धं काम, असं कुणी म्हटलं की सर त्याला अंगणात नेऊन भिंत दाखवत. "म्हण चुकलेली आहे. सुरुवात म्हणजे पाव काम. चारातली एक भिंत."

मी आठवीत असताना आई मला तिथे घेऊन गेली. सर शाळेतून निवृत्त झाले होते आणि घराच्या ओटीवर शिकवत. ओटीवर सतरंजी, कोपरा उडालेला फळा आणि सरांची वेताची खुर्ची. या खुर्चीत ते फार तर दोन मिनिटं बसत.

"काय येतं हिला?" सरांनी विचारलं.

"एबीसीडी येते, स्पेलिंगं येतात," आई म्हणाली.

"बरं. महिनाभर विसरायला सांगा."

त्यांनी फळ्यावर 'स्टार्ट' असा एक शब्द इंग्रजीत लिहिला आणि जूनचा पूर्ण महिना तो पुसला नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही शिकलो की स्टार्ट म्हणजे सुरू करणे. दुसऱ्या आठवड्यात कळलं की प्रवासाला निघणे हेही स्टार्टच. तिसऱ्या आठवड्यात त्याचा अर्थ दचकणे असाही निघाला, तेव्हा शब्दावरचा आमचा विश्वासच उडाला. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. "सर, महिना झाला, एकच शब्द?"

"तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" सरांनी विचारलं.

"अठरा."

"बायकोचा स्वभाव पूर्ण कळला?"

आतून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, लोकांच्या घरात शिरू नका. व्याकरण सांगा."

सरांचं म्हणणं असं की 'बिगिन' आणि 'स्टार्ट' सख्खे भाऊ आहेत, पण त्यातल्या एकालाच गॅरेजात काम मिळतं. सभा बिगिन होते आणि स्टार्टही होते. पाऊस, भांडण, शाळा, सगळ्यांना दोन्ही चालतात. पण स्कूटर फक्त स्टार्ट होते. तिला बिगिन म्हणून बघा, ती ऐकायची नाही. त्यांची स्वतःची स्कूटर दोन्ही शब्दांना दाद देत नसे. घरासमोरच्या उतारावर ती ढकलत नेऊन मग ते टांग टाकत, आणि उतार संपेपर्यंत इंजिनने हुंकार दिला नाही तर तिथेच कडुलिंबाखाली लावून पुढे चालत जात. दहिवलीच्या पुलाकडे जाणाऱ्या कित्येकांनी ती स्कूटर त्या झाडाचीच समजली होती.

दचकण्याचा अर्थ तर त्यांच्या अंगातच होता. इतका दचकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुकरची शिट्टी झाली की खडू हातातून उडायचा. काकूंना हे चांगलं ठाऊक होतं. क्लास ठरल्या वेळेपेक्षा लांबला की त्या स्वयंपाकघरात स्टीलचं ताट फरशीवर टाकत. सर फूटभर उडत, मग आमच्याकडे वळून शांतपणे म्हणत, "ही स्टॉप्ड विथ अ स्टार्ट. लिहून घ्या आणि घरी जा."

एकदा नेरळ रस्त्यावरच्या एका लॉनवर लग्न होतं. वाढप्याने ट्रे पुढे करून विचारलं, "सर, स्टार्टर?"

"आणलास का? बरं झालं. विहिरीवरच्या पंपाचा कालच जळला."

वाढपी बिचारा आत विचारायला गेला. तो परत येईपर्यंत सरांनी पनीरचे चार तुकडे खाल्ले होते.

आणखी एक दिवस आठवतो. पळसदरीला जाणारी सहा आसनी रिक्षा भरली होती. त्यात नऊ जण, शिवाय सर आणि मी. ड्रायव्हर किल्ली फिरवून थकला.

"स्टार्ट होत नाय सर."

"तू करत नाहीस, की ती होत नाही?"

"मी करतोय हो. ती होत नाय."

सरांचा चेहरा फुलला. ते खाली उतरले आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. "ऐकलंत? एका वाक्यात कर्ता हा, दुसऱ्यात रिक्षा. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, स्टार्ट. आय स्टार्ट द रिक्षा. द रिक्षा स्टार्ट्स. आपल्याकडे मात्र करणं वेगळं आणि होणं वेगळं. कोणी केलं आणि काय झालं, हे मराठी माणूस क्रियापदातच सांगून मोकळा होतो."

मागच्या बाकावर भाजीची पाटी मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणाली, "मास्तर, मंग आता धक्का तुमी करनार का तो आपला होनार?"

सरांनी धक्का मारला. रिक्षा स्टार्ट झाली आणि त्यांना तिथेच सोडून पन्नास पावलं पुढे जाऊन थांबली. ते धापा टाकत आले ते खुशीत. त्या बाईचं वाक्य ते पुढे वर्षभर सांगत होते.

माझ्या वाट्याला आलेला त्यांचा धडा मात्र निराळा होता. 'शाळेत जाताना मला साप चावला', याचं इंग्रजी करायचं होतं. मी लिहिलं, "गोइंग टु स्कूल, अ स्नेक बिट मी." सरांनी वही उचलून विचारलं, "हा साप कितवीत आहे?"

वर्ग हसत सुटला. सरांनी समजावलं की मराठीत 'जाताना' म्हटलं की कोण जातंय ते ऐकणाऱ्याला कळतं, इंग्रजीला कळत नाही. वाक्यात पुढे जो पहिला भेटेल त्यालाच ती भाषा शाळेत पाठवते. म्हणून आधी कर्ता पकडायचा, मग वाक्य चालू द्यायचं. वर्षभर मला सगळे 'सापवाली' म्हणत होते. तेव्हापासून इंग्रजीत एक ओळ लिहायची झाली तरी मी आधी कर्ता पकडून बसवते. पुढे बी.कॉम. झाले, खालापूर तालुक्यातल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात ऑफिसमध्ये लागले, ते या इंग्रजीच्या जोरावरच. अकरा महिन्यांचं कंत्राट होतं. सगळ्या ऑफिसात इंग्रजी मजकूर लिहिणारी मी एकटी.

कंपनीची बस सकाळी कर्जतच्या चार फाट्यावरून सुटायची. त्याच बसने हिरूताई यायची. कोंडाण्याच्या लेण्यांच्या खालच्या अंगाला तिची वाडी. तिथून ती रस्त्यापर्यंत चालत यायची, मग टेंपोने फाट्यावर. वयाने माझ्याहून पंधरा वर्षं मोठी, बोलायला कमी. उन्हाळ्यात माझ्या ओंजळीत करवंदं टाकायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. कारखान्यात ती रोलरच्या मशीनवर मदतनीस होती.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते. अशीच एकदा ती गेली असताना हिरूताई रोलरवर चिकटलेला कागद काढत होती, आणि तिची उजव्या हाताची दोन बोटं अडकली. हाडं मोडली. तिला खोपोलीला दवाखान्यात नेलं. सुपरवायझरने तिच्या तोंडून ऐकून मराठीत जबाब लिहिला आणि साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "हेड ऑफिसला आजच जायला हवा. इंग्रजी चांगलं कर."

जबाबात ओळ होती, 'लाइट गेलेली असताना रोलर साफ करताना मशीन सुरू झालं आणि दोन बोटं अडकली.'

मी लिहायला घेतलं, "व्हाइल क्लीनिंग द रोलर, द मशीन स्टार्टेड." आणि हात थांबला. शाळेत निघालेला साप समोर उभा राहिला. मशीन कसं रोलर साफ करेल? कर्ता चुकला. मी कर्ता पकडला आणि नीट बसवला. "व्हाइल क्लीनिंग द रोलर ड्युरिंग अ पॉवर फेल्युअर, द वर्कर स्टार्टेड द मशीन." वाक्य दोनदा वाचलं. सरांनासुद्धा यात चूक सापडणार नाही, असं मला वाटलं. साहेब म्हणाले, "फर्स्ट क्लास."

बारा-तेरा दिवसांनी चार फाट्यावर हिरूताई उभी दिसली. हात गळ्यात बांधलेला. बसमध्ये चढायला ती आली नव्हती. डाव्या हाताने तिने पदराखालून एक लिफाफा काढला.

"वाचून दाखव गं बाय. इंग्रजीत हाय."

मी वाचलं. साफसफाई करताना तुम्ही स्वतः मशीन सुरू केलं, हा बेजबाबदारपणा आहे, तुम्हाला कामावरून कमी का करू नये ते सात दिवसांत लेखी कळवा. खाली सही, शिक्का. मी मराठीत सांगत गेले. त्या पत्रातली एक ओळ माझी होती, शब्दाला शब्द.

"मी सुरू केलं?" हिरूताई म्हणाली. "आपलाच हात आत ठेवून कोन बटन दाबल गं? लाइट आली नि त्ये आपसूक सुरू झालं."

"मी बघते ताई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग "बघ," म्हणाली आणि पत्र माझ्याकडेच ठेवून टेंपोकडे वळली.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरांकडे गेले. क्लास नुकताच सुटला होता. जबाबाची प्रत, माझा रिपोर्ट आणि हिरूताईचं पत्र, तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी आधी रिपोर्ट वाचला.

"सुंदर. एकही चूक नाही. कोणी लिहिलंय?"

"मी."

"वाटलंच." त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग त्यांनी मराठी जबाब वाचला. मग पुन्हा रिपोर्ट. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"लाइट गेलेली होती ना?"

"हो."

"मग हिनं मशीन स्टार्ट कसं केलं? फुंकर मारून?"

बारा दिवस हा प्रश्न मलाही पडला नव्हता, साहेबांनाही नाही आणि हेड ऑफिसातल्या कुणालाही नाही. इंग्रजी इतकं नीट होतं की आत काय लिहिलंय ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"इथं 'सुरू झालं' आहे," सर हळू म्हणाले. "तू 'सुरू केलं' का लिहिलंस?"

"सापामुळे," मी म्हणाले.

त्यांना आधी कळलं नाही. मी सांगितलं, जाताना, करताना, कर्ता आधी पकडायचा. सांगता सांगता पाहिलं तर सर दचकले. घरात काही पडलं नव्हतं, कुकरही लागला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघून कप माझ्या हातात देऊन आत गेल्या.

"तीस वर्षं मी तो साप सांगतोय," ते म्हणाले. "पोरं हसतात म्हणून मलाही आवडतो. पण कर्ता पकडा म्हणजे दिसेल त्याला पकडा असं नव्हे, एवढं सांगायचं राहिलं." मग म्हणाले, "उद्या मी तुझ्याबरोबर येतो. पण बोलायचं तू."

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या बसमध्ये येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री आणि खिशात खडू. खडू कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, सवय. गेटवरच्या वॉचमनने वहीत 'येण्याचे कारण' विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'दुरुस्ती'. वॉचमनने त्यांना आधी मेंटेनन्सकडे पाठवलं.

साहेब कामात होते. त्यांनी सरांकडे पाहून विचारलं, "आपण?"

"हिच्या चुकीचा मूळ पुरवठादार," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले.

मी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना त्रास होत होता तो वेगळाच. "एका शब्दाचा फरक आहे. त्यासाठी गेलेला रिपोर्ट परत कसा मागवू? वर विचारतील, झोपला होतात का."

"साहेब, एकदा मोठ्यानं वाचाल का?" मी म्हणाले. "फक्त ती ओळ."

त्यांनी वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली, सावकाश. 'ड्युरिंग अ पॉवर फेल्युअर'शी आले आणि थांबले. खिडकीतून त्यांनी शेडकडे पाहिलं. तिथे मशीन चालू होतं आणि हिरूताईच्या जागी दुसरी एक बाई उभी होती.

"लाइट आली की ते आपोआप सुरू होतं, हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

"मी दुसरा रिपोर्ट लिहिते. माझ्या सहीने," मी म्हणाले.

त्यांच्यासमोरच बसून लिहिला. छोटी छोटी वाक्यं केली. बाई रोलर साफ करत होती. लाइट नव्हती. लाइट आली आणि मशीन सुरू झालं. ते कोणीही सुरू केलं नाही. पहिल्या रिपोर्टमधली चूक माझी आहे. कागद सरांपुढे धरला. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "पूर्णविराम राहिला." तेवढंच.

साहेबांनी तो कागद वर पाठवला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तीन आठवड्यांनी हिरूताईला दिलेलं पत्र मागे घेतल्याचं पत्र आलं. मशीनला एक डबी बसली. आता लाइट आली तरी बटण दाबल्याशिवाय ते हलत नाही. हिरूताई परत आली, पॅकिंगच्या टेबलावर. दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. माझं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सरांनी साप सोडून दिला. वह्यांतून तो काढून टाकायला लावला आणि पुढच्या वर्गापासून आधी 'काय झालं ते विचारा', मग कर्ता, असा क्रम केला. पण माझ्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट लावून धरली होती. मी भेटले की पहिला प्रश्न तोच. "कंपनीला सांगितलंस. तिला सांगितलंस का?"

"सांगते," मी म्हणायचे. सांगितलं नव्हतं. तिची नोकरी वाचली होती, आता कशाला, असं मी मनाला समजावत होते. खरं म्हणजे भीती वाटत होती. पोलिसांची नाही, साहेबांची नाही. तिच्या बघण्याची.

एका रविवारी मी सरांच्या ओटीवर वह्या तपासायला बसले होते. नोकरी गेल्यापासून मी त्यांना मदत करत असे. हिरूताई अंगणातून वर आली. डाव्या हातात फडक्यात बांधलेली रानातली कंटोली.

"मास्तरांना आनली. माज्यापायी कंपनीत आलते म्हनं," ती म्हणाली आणि गाठोडं पायरीवर ठेवून तिथेच बसली. सरांनी वेताची खुर्ची पुढे केली, ती काही खुर्चीत बसली नाही. मग सरही खाली सतरंजीवर बसले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी वही मिटली. "ताई, ते वाक्य मी लिहिलं होतं. तू मशीन सुरू केलंस हे. कंपनीनं नाही, मी."

"ठाव हाय मला," हिरूताई म्हणाली.

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासून. हापिसात इंग्रजी लिवनारी तू येकटीच."

"मग तो कागद माझ्याकडेच का आणलास वाचायला?"

तिने फडक्याची गाठ एका हाताने सोडली, कंटोली पायरीवर मोकळी केली.

"दुसऱ्याकडं नेला आसता तर त्यानं नुसता वाचला आसता."

सर काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून आत काकूंना चहाचं सांगायला गेले होते.